आधी हात, मग बंदूक

कुंदाताई ठोंबरे आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी कुणाला नमस्कारसुद्धा केला नाही. त्या सरळ कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे गेल्या, आतली एक बंदूक बाहेर काढली, तिचा पुढचा दांडा मागे ओढला आणि उघड्या चेंबरात उजव्या हाताची करंगळी घातली. मग दुसरी बंदूक, मग तिसरी. सगळ्या झाल्यावर करंगळी पदराला पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हं, आता सांग. साहेब कुठे बसतात?"

आमची एजन्सी म्हणजे जबलपुरातल्या दोन खोल्या आणि मागे एक अंगण. बँकांना, गोदामांना आणि एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या गाड्यांना आम्ही गार्ड पुरवायचो. मी हजेरी आणि पगार बघायची. मालकांना सगळे भाईसाब म्हणत. जुन्या दुनळी बंदुका जाऊन पंपवाल्या बंदुका आल्या होत्या आणि त्या चालवायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं. बंदुकांच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या बाई आहेत, एवढंच भाईसाबांना ठाऊक होतं. साडी नेसून, पायात कॅनव्हासचे बूट घालून येतील याची कल्पना त्यांना नव्हती. अर्ध्या तासाच्या बोलण्यानंतर ते केबिनच्या बाहेर आले आणि मला हळूच म्हणाले, "सिखाएगी या डाँटेगी?"

दोन्ही, असं उत्तर पुढच्या शनिवारीच मिळालं.

कुंदाताई चेरीतालला राहायच्या, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नवरा गेला तेव्हा मुलगी कडेवर होती. त्याच्या जागी त्यांना फॅक्टरीत घेतलं, ते फायली इकडून तिकडे न्यायला. एकदा तपासणी विभागात फाईल द्यायला गेल्या, तर तिथला माणूस बंदुकीत न बघताच शिक्का मारत होता. त्या त्याला सगळ्यांसमोर बोलल्या. साहेबानं चिडून त्यांनाच तिथे बसवलं, की बघू तू काय करतेस. त्या तिथून रिटायर होईपर्यंत उठल्या नाहीत. हे सगळं त्यांनी मला माझ्या स्कूटरच्या मागे बसून, गाडीच्या आवाजावर ओरडून सांगितलं होतं. स्वतःबद्दल त्या फक्त स्कूटरवरच बोलत. जमिनीवर पाय टेकले की कामाचं.

माझी मराठी त्यांना आवडायची नाही. "तू मराठी बोलून राहिलीस की हिंदीला लुगडं नेसवून राहिलीस?" असं विचारायच्या. स्वतः मात्र गार्डांशी अस्सल जबलपुरी हिंदीत बोलत आणि मधेच चिडल्या की नागपुरी मराठीत शिरत. गार्ड ते समजल्यासारखी मान हलवायचे.

करंगळी हा त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट. बंदूक रिकामी आहे असं कुणीही म्हटलं, अगदी आत्ता माझ्या समोर रिकामी केली असं म्हटलं, तरी करंगळी आत जायचीच. "डोळा थकते. करंगळी थकत नाही," म्हणायच्या. त्या नखाखाली तेलाची एक काळी रेघ कायमची बसलेली होती. हळदीकुंकवाला गेल्या की बायका ती रेघ बघत आणि त्या खुशाल बघू देत.

दर शनिवारी सकाळी अंगणात क्लास भरायचा. रिकाम्या काडतुसांत लाकूड भरून, वरून लाल रंग देऊन त्यांनी घरीच नकली गोळ्या केल्या होत्या. त्या लाल गोळ्या वाटायच्या आणि असली गोळ्या आधी वेगळ्या टेबलावर काढून ठेवायला लावायच्या. पंपवाल्या बंदुकीत बारकं असं काही नाही. वरच्या नळीतून गोळी सुटते. खालच्या नळीत काडतुसं एकामागे एक बसतात, त्यांच्यामागे स्प्रिंग. पुढचा दांडा पूर्ण मागे ओढून पुढे ढकलला की खालचं एक काडतूस वर चढतं आणि चेंबरात बसतं. पण गार्डांची रोजची तक्रार हीच असायची, "मैडम जी, कारतूस नहीं चढ़ रहा."

"पहले हाथ दिखाओ," कुंदाताई म्हणायच्या.

तो करून दाखवायचा. दहातल्या नऊ वेळा तो दांडा अर्धवटच ओढत असायचा.

"आधा खींचोगे तो आधा ही मिलेगा. पूरा खींचो!" आणि मग माझ्याकडे बघून, "माणूस घाबरला की हात आखडता घेते. बंदुकीला काहून दोष द्यायचा? आधी हात, मग बंदूक."

दहाव्या वेळी दोष बंदुकीत निघायचा. स्प्रिंग मेलेली, नाहीतर काडतूस धरून ठेवणारी पट्टी झिजून दोन-दोन काडतुसं एकदम बाहेर पडणारी. अशा बंदुकीला त्या लाल लोकर बांधायच्या. लाल लोकर बांधलेली बंदूक ड्युटीवर जायची नाही, मग भाईसाब काहीही म्हणोत. एकदा भाईसाबांनी तशी एक बंदूक गुपचूप बँकेत पाठवली. कुंदाताईंना कळलं. त्या दुपारच्या उन्हात बँकेत गेल्या, मॅनेजरच्या समोर गार्डच्या हातून बंदूक काढून घेतली, ऑटोत बसल्या आणि परत आणून कपाटात ठेवली. भाईसाब म्हणाले, "मैडम, चल तो रही थी."

"आज चालली," त्या म्हणाल्या. "बंदूक ठीक आहे म्हणून माझी सही पाहिजे असेल तर माझं ऐका. नाहीतर सही दुसऱ्याची घ्या."

दुसऱ्याची सही भाईसाबांनी घेतली नाही. कारण तोवर बँकांतून, विमावाल्यांकडून विचारणा व्हायला लागली होती, की ठोंबरे मॅडमची सही आहे ना? मग ठीक. त्या सहीची किंमत अशी वाढत गेली.

भैयालाल बर्मन त्यांच्या क्लासातला सगळ्यात मोठ्या हाडापेराचा आणि सगळ्यात कमी बोलणारा माणूस. जबलपूरजवळच्या पनागरचा. घरची थोडी शेती, भाजीपाल्याची. हाताचे पंजे एवढे मोठे की बंदूक त्यात खेळण्यासारखी दिसायची, आणि नेमका तोच दांडा अर्धवट ओढायचा. कुंदाताईंनी त्याला इतरांच्या दुप्पट वेळ उभं केलं. तळव्याला फोड आले. एका शनिवारी तो थैलीभर मटार घेऊन आला आणि त्यांच्या पायाशी ठेवून म्हणाला, "मैडम जी, अब तो हाथ पक्का हो गया?"

कुंदाताईंनी त्याला पुन्हा करायला लावलं. मग म्हणाल्या, "अभी कच्चा है." मटार मात्र घेतले.

स्कूटरवर मला म्हणाल्या, "चांगला पोरगा आहे. हात मात्र भित्रा आहे त्याचा." पोरगा चाळिशीचा होता. पण त्यांचा जीव होता त्याच्यावर. शहपुऱ्याच्या एटीएममध्ये पैसे भरायला जाणाऱ्या गाडीवर त्याला लावा, असं भाईसाबांना त्यांनीच सांगितलं होतं, कारण त्या गाडीवर कॅश सांभाळणारा आशीष सोनी शांत डोक्याचा होता आणि दोघांचं जमायचं.

ती गाडी शहपुऱ्याजवळ भर दुपारी अडवली. दोन मोटरसायकली, चार माणसं. आशीष पेटी घेऊन एटीएमच्या पायरीवर होता. भैयालाल गाडीतून उतरला, बंदूक खांद्याला लावली, दांडा ओढला. काडतूस चढलं नाही. पुन्हा ओढला. बंदूक अर्धवट उघडी राहून अडकली. तोवर एकानं गावठी कट्ट्यानं आशीषला छातीत गोळी घातली, पेटी उचलली आणि ते निघूनही गेले. आशीष तिथेच पायरीवर गेला.

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात हे आलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या शहराच्या फोनवर होतं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. त्यात भैयालाल मान खाली घालून बंदुकीकडे बघत उभा दिसतो आणि त्याच्या बाजूला माणूस पडतो. लोकांनी खाली काय काय लिहिलं ते सांगण्यासारखं नाही.

मी ते चित्र कुंदाताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. आशीषकडे बघितलंच नाही, भैयालालच्या हाताकडे बघितलं. पुन्हा लाव म्हणाल्या. गाडीचं दार मधे येत होतं, चित्र फाटल्यासारखं होतं. तिसऱ्यांदा बघून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"इथे पाहा. हात थांबला. पूर्ण मागे आलाच नाही." मग चष्मा काढून हातात धरला. "मी सांगतलं होतं त्याला. कच्चा आहे म्हणून सांगतलं होतं."

काही दिवसांनी विम्याचा माणूस आला. बंदुकीत दोष होता की गार्डचा, हे त्याला लेखी हवं होतं. बंदूक ठाण्यात जमा होती. परवानगी निघाली आणि पोलिसांच्या समोर तपासणी ठरली. तपासणार कोण, हा प्रश्नच नव्हता. भैयालालनंही हात जोडून तेच सांगितलं, की मैडम को बुलाओ, मैडम सच बोलेंगी.

भैयालालजवळची पाच काडतुसं पुरावा म्हणून पाकिटात सीलबंद झाली होती. म्हणून कपाटातून नवीन काडतुसांची पेटी नेली. मी सोबत होते. ठाण्याच्या मागच्या अंगणात, मातीच्या ढिगाकडे नळी करून कुंदाताईंनी आधी करंगळी घातली, मग काडतुसं भरली आणि दांडा ओढला. चढलं. काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओढला. चढलं. हळू ओढून, जोरात ओढून, बंदूक आडवी धरून, उलटी धरून. प्रत्येक वेळी बंदूक घड्याळासारखी चालली. मग त्यांनी मुद्दाम दांडा अर्धवट ओढला, आणि काडतूस मधेच अडकून बंदूक अर्धवट उघडी राहिली. चित्रातल्यासारखीच.

भैयालाल दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मैडम जी, मैंने पूरा खींचा था."

कुंदाताईंनी त्याच्याकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "डर में सबको ऐसा ही लगता है, बेटा."

तिथेच टेबलावर बसून त्यांनी लिहून दिलं. बंदूक निर्दोष. दांडा पूर्ण न ओढल्यामुळे काडतूस अडकले. खाली सही.

त्या कागदाचं पुढे काय होईल याचा त्यांना अंदाज नव्हता असं मी म्हणणार नाही. अंदाज होता. पण कागदावर खोटं लिहायचं नाही हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरं होतं. विम्याच्या माणसाचं काम झालं. भाईसाबांची सुटका झाली. भैयालालची नोकरी गेली. बंदूक चांगली असून चालवली नाही, म्हणजे चोरांशी मिलीभगत असेल, असा संशय आला आणि केसमध्ये त्याचंही नाव लागलं. काही महिने तो आत राहिला. जामिनावर सुटून आला तेव्हा पनागरात भाजीच्या लिलावात त्याच्या मालाला कुणी बोली लावेना. बायको माल घेऊन जायला लागली.

कुंदाताई शनिवारचा क्लास घेत राहिल्या. पहिल्यापेक्षा कडक झाल्या. अर्धवट ओढणाऱ्याला म्हणायच्या, "आशीष भैया याद है ना?" ते ऐकून सगळे खाली बघायचे.

पावसाळ्यात एका शनिवारी परसादी नावाचा गार्ड आला. तो गोदामावर होता. म्हणाला, "मैडम जी, मेरी वाली में कारतूस नहीं चढ़ता."

"हाथ दिखाओ."

त्यानं लाल नकली गोळी भरली आणि चढवून दाखवली. पूर्ण ओढला होता, कुठे खोट नव्हती.

"चढ़ तो रहा है."

"नकली चढ़ता है मैडम. असली नहीं चढ़ता."

"असली-नकली एकच असते," कुंदाताई वैतागून म्हणाल्या. त्याच्या हातून बंदूक घेतली, करंगळी घातली, टेबलावरचं त्याचं असली काडतूस उचललं, मातीच्या ढिगाकडे तोंड करून भरलं आणि दांडा ओढला. पूर्ण, खाड्कन, त्यांच्या पद्धतीनं.

काडतूस चेंबरात अर्धं जाऊन अडकलं. बंदूक अर्धवट उघडी राहिली.

त्यांनी ते काढलं आणि पुन्हा भरलं. पुन्हा तिथेच अडकलं. मग त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि त्याच्या तोंडाकडच्या कडेवरून बोट फिरवलं. टेबलावर ठेवून लोटलं, तर ते डगमगत गेलं. शेजारी पेटीतलं नवीन काडतूस लोटलं, ते सरळ गेलं. बंदुकीची वरची नळी काढून घेतली. नवीन काडतूस मागच्या तोंडात सोडलं, ते आपल्या वजनानं आत बसलं. जुनं सोडलं, ते तोंडाशीच राहिलं.

"वैशू, ह्या गोळ्या कधीच्या आहेत?"

मी म्हटलं, "गार्ड लागतो तेव्हा देतात, त्याच."

"बदलत नाही?"

"झाडली तरच बदलतात. नाहीतर काहून बदलतील?"

"आणि रोज भरतात?"

"रोज सकाळी भरतात, संध्याकाळी जमा करताना काढतात."

वर्षानुवर्षं तीच पाच काडतुसं. रोज स्प्रिंगखाली दाबली जायची, रोज ओढून काढली जायची, पावसाळ्यात ओलाव्यात राहायची. प्लास्टिक तोंडाशी फुगलेलं, पितळेची कड खरडलेली. हे त्यांनी कुणाला समजावून सांगितलं नाही. त्या स्टुलावर बसल्या. गार्ड उभे होते, त्यांना जा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

"फॅक्टरीत आमच्याकडे दर वेळी नवीन पेटी यायची," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की नाही ठाऊक नाही. "मी जुनी गोळी कधी पाहिलीच नाही."

मग अचानक म्हणाल्या, "ते फोनमधलं दाखव."

मी शोधून लावलं. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं. जिथे त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे थांबवायला लावलं.

"ह्यात तर काहीच दिसून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "मी काय पाहिलं होतं तेव्हा?"

त्याच आठवड्यात आम्ही पनागरला गेलो. स्कूटरवर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. भैयालाल शेतात फुलकोबीची रोपं लावत होता. आम्हाला बघून उठला, हाताचा चिखल झटकला, पण पुढे आला नाही. बायको, रामकली, बांधावर होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तशीच बघत राहिली.

कुंदाताई चिखलातून त्याच्याजवळ गेल्या. बूट भरले. म्हणाल्या, "भैयालाल, मुझसे गलती हुई. मैंने नई गोली से जाँच की थी. तुम्हारी पुरानी थीं. फूली हुई होंगी. इसलिए नहीं चढ़ी. तुम्हारा हाथ ठीक था."

तो ऐकत होता. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हणाला, "नहीं मैडम जी. हाथ रुका था."

"नहीं रुका था. तूच म्हणाला होतास ना, पूरा खींचा था म्हणून!"

"तब कहा था. फिर जेल में सोचते रहे. मैडम ने लिखा है तो झूठ थोड़ी लिखेंगी. सोचते-सोचते दिखने लगा. अब आँख बंद करते हैं तो वही दिखता है, कि हाथ आधे में रुक गया." त्यानं आपला चिखलाचा पंजा समोर धरून बघितला. "हमको तो अब ऐसा ही याद है."

"अरे, ते मी लिहिलं म्हणून तुला तसं दिसून राहिलं!" कुंदाताई मराठीत ओरडल्या. त्याला कळलं की नाही कोण जाणे.

रामकली बांधावरून बोलली. आवाज शांत होता. "जब पूछा गया था, तब काहे नहीं देखीं? इन्होंने तो आप ही को बुलवाया था."

कुंदाताई चिखलातच उभ्या राहिल्या. भैयालाल पुन्हा खाली बसला आणि रोप लावायला लागला, कारण रोपं उन्हात सुकत होती. आम्ही परत आलो. आशीषच्या घरी जायचं का, असं मी वाटेत विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या आईला काय सांगू? गोळी फुगली होती म्हणून? तिला काय फरक पडते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाईसाबांसमोर सगळं मांडलं आणि सगळ्या गार्डांची काडतुसं बदला म्हणाल्या. भाईसाब आधी समजुतीनं बोलले. मग म्हणाले, की आता असं लिहून दिलंत तर दोष एजन्सीचा ठरेल, विमावाले पैसे परत मागतील, धंदा बसेल, पन्नास घरं उपाशी मरतील. त्या म्हणाल्या, "मी लिहून टाकलं आहे." खरंच टाकलं होतं. एक प्रत ठाण्यात, एक भैयालालच्या वकिलाकडे. भाईसाबांनी मला कुंदाताईंचा हिशेब करायला सांगितला. शनिवारचा क्लास त्या दिवसापासून बंद झाला.

कोर्टात त्यांची साक्ष झाली तेव्हा मी रजा काढून गेले होते. सीलबंद पाकीट उघडलं. पाच काडतुसं टेबलावर ठेवली. दोन फुगलेली होती, तीन बरी होती. पण घटनेच्या वेळी चेंबरात अडकलेलं कोणतं, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. काढल्यावर पाचही एकत्रच ठेवली गेली होती.

सरकारी वकील वयानं लहान होता, पण बोलायला तयार होता. त्यानं जुना कागद दाखवला. "ये दस्तखत आपके हैं?"

"मेरे हैं."

"इसमें आपने लिखा है कि गलती हाथ की थी. तब आप पक्की थीं?"

"पूरी."

"और अब आप पक्की हैं कि गलती कारतूस की थी?"

कुंदाताईंनी त्या पाच काडतुसांकडे बघितलं. त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. "नहीं," त्या म्हणाल्या. "हाथ भी हो सकता है. कारतूस भी हो सकता है. मैं बता नहीं सकती."

"तो फिर आप आई क्यों हैं?"

"यही बताने. कि जब बता नहीं सकती थी, तब मैंने बता दिया था."

भैयालाल आरोपीच्या जागी उभा होता. त्यानं एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मिलीभगतीचा काही पुरावा नव्हता आणि शेवटी त्याचं नाव सुटलं. ह्या साक्षीमुळे सुटलं, की तसंही सुटलंच असतं, हे त्याच्या वकिलालाही नक्की सांगता आलं नाही. निकालाच्या दिवशी कुंदाताई कोर्टाच्या बाहेर झाडाखाली उभ्या होत्या. भैयालाल आणि रामकली त्यांच्या समोरून गेले. भैयालालनं हात जोडले, रस्त्यात ओळखीच्या कुणालाही जोडावेत तसे. रामकलीनं जोडले नाहीत. दोघं पनागरच्या बसकडे चालत गेले.

फोनवरचं ते चित्र अजून आहे. मधूनमधून कुणीतरी ते पुन्हा पाठवतं, आणि खाली तेच लिहिलेलं असतं.

त्यानंतर कुंदाताई घरातच असायच्या. मी रविवारी जायची. त्या चहा करायच्या, माझ्या मराठीला नावं ठेवायच्या, पण मन नसायचं. एकदा बोलता बोलता थांबून म्हणाल्या, "मला वाटायचं, खोटं लिहिलं नाही म्हणजे झालं." एवढंच. कप खाली ठेवताना बशी वाजायची. मुलगी नागपूरहून आली आणि म्हणाली, आई, आता बस झालं, चल. त्या नाही म्हणाल्या नाहीत. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

स्टेशनवर मी पोचवायला गेले. सामान फारसं नव्हतं. मुलीनं त्यांना खिडकीशी बसवलं आणि ती पाण्याची बाटली आणायला उतरली. मी खिडकीच्या गजाशी उभी होते. तब्येतीला जपा, फोन करत जा, असं काहीतरी म्हणत होते. त्यांनी ते ऐकलंच नाही.

"काडतुसं बदलली का गं त्यांनी?"

मी म्हटलं, "शहरातल्या गार्डांची बदलली."

"आणि बाहेरची?"

मी नाही अशी मान हलवली.

"शहपुऱ्याच्या गाडीवर आता कोण जाऊन राहिलं?"

"परसादी. गोदामावरून हलवलं त्याला."

मुलगी बाटली घेऊन परत आली आणि आत जाऊन बसली. गाडीनं शिट्टी दिली. कुंदाताईंनी गज घट्ट धरला होता.

"त्याला लेकरं आहेत?"

"दोन मुली," मी म्हटलं.

गाडी हलली. मी दोन पावलं सोबत चालले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या मुलीकडे वळून घाईघाईनं काहीतरी सांगत होत्या, त्यातलं 'परसादी' एवढंच मला ऐकू आलं, आणि मुलगी त्यांचा हात धरून, "हो आई, हो," म्हणत होती. मग डबा पुढे गेला.